कोरडा दिवस

आठवड्यातून एकदा मी लोकांच्या पाण्यात टॉर्च मारते.
पिंप, रांजण, फ्रीजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर.
रजिस्टरात दोनच रकाने: अळी आहे, अळी नाही.
असेल तर म्हणायचं, ओतून द्या, आज कोरडा दिवस,
आणि शिव्या खायच्या.
कारण नळ परवा येऊन गेला,
आता शुक्रवारी, तोही रात्री अडीचला.

साखर पेठेत येमूलांच्या मागे हौद आहे,
दगडी, पूर्वी सूत भिजवायचा.
माग भंगारात गेले, हौद राहिला.
नरसव्वा विड्या वळत होती. मान वर न करता म्हणाली,
"ओतायचं नाय ओ बाई. आत माणूस ठेवलाय."

टॉर्च मारला.
तळाशी शेवाळाच्या रंगाचं, बोटाच्या पेराएवढं,
सहा पायांवर दबून बसलेलं काहीतरी.
तोंड दिसेना, नुसते डोळे.
जवळून डासाची एक अळी वळवळत गेली
आणि त्याच्या हनुवटीखालून हात निघाला.
हात कसला, ओठच तो,
घडी घालून तोंडावर ठेवलेला.
अळी नव्हती. हातही नव्हता.
पाणी होतं तसं.

मग ते सुटलं, दिवाळीतल्या बाणासारखं,
मागून पाणी सोडत.
श्वासही तिथूनच घेतं, हे मला नंतर कळलं.
देवाची काटकसर.

"तूनीगा," नरसव्वा म्हणाली. "तुमच्यात चतुर म्हणतात."
मी म्हटलं, चतुर उडतो.
"उडंल की."

मी लिहिलं: अळी नाही.
खोटं नव्हतं.
ज्यानं खाल्ली, त्याला रकाना नव्हता.

पुढच्या खेपेला पाण्यावर त्याचा जुना सदरा तरंगत होता,
अंगाला घट्ट झालेला.
त्याच्या पुढच्या खेपेला आणखी एक.
पाठीवर चार घड्या फुगत चाललेल्या,
अजून कुणी न उलगडलेल्या.
शेजारच्या घरी दोघांना डेंग्यू.
इथे नरसव्वाची नात हौदाच्या काठावर पाढे म्हणत बसलेली.

चौथ्या आठवड्यात त्यानं खाणं सोडलं.
डोकं पाण्याबाहेर काढून बसायचं,
हवा सोसते का बघत.

शुक्रवारी अडीचला नळ आला.
नरसव्वा पाइप घेऊन उठली, तर हे
बादलीच्या दोरीवर, वीतभर वर,
पाठ उसवलेली,
अर्धं बाहेर, उलटं लोंबकळत, ओलं.
तिनं पाइप खाली ठेवला.
कळशी भरली, दोन घागरी भरल्या,
हौद भरला नाही.
दोरीला धक्का लागंल म्हणून.

सोलापुरात हे मी कुणाला सांगितलं
तर ऐकणारा आधी विचारतो,
मग पाच दिवस भागवलं कसं?

"लहानपणी आम्ही त्यांच्या शेपटीला सूत बांधायचो," ती म्हणाली.
"घरात सुताला काय तोटा.
किती मेले, मोजलं नाय."

पहाटेपर्यंत पंख उलगडले. आधी चुरगळलेले, दुधी,
मग काचेसारखे.
उजाडताना ते थरथरलं
आणि दोरी हलली नाही, इतकं हलकं गेलं.
साल तिनं माझ्यासाठी तंबाखूच्या डबीत ठेवली होती.
डोळ्यांच्या जागी दोन भिंगं, पाठीतून पांढरे धागे लोंबणारे.
डबी उघडताना मी श्वास धरला.

आता संध्याकाळी हिप्परग्याच्या तलावावर
ते शेकड्यांनी असतात, पिवळे, न बसणारे.
वर उडता उडता डास टिपतात,
त्यांना वेडे राघू टिपतात.
तारेवर पंख झटकण्याचा आवाज येतो.
यातले काही समुद्र ओलांडून जातात म्हणे.
गेलेला परत येत नाही. परत येतात ती त्याची नातवंडं,
न पाहिलेल्या गावाला.

काल ऑफिसबाहेर साहेबांची नवी काळी गाडी उभी होती.
उन्हात तिचं बॉनेट चमकत होतं.
एक मादी त्यावर येऊन शेपटी टेकवत होती.
टक, टक, पुन्हा टक.
एकेका टकीला अंडी.
मी हात हलवून हाकललं. पुन्हा आली.

तिलाही वाटलं असेल,
आला नळ.